बुधवारचं चिकन

आपल्याकडे चिकन म्हणजे रविवार. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा नाहीतर देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. ज्याच्या त्याच्या घरी यातले एक-दोन वार तरी पाळले जातातच. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार. त्यातले पहिले दोन ऑफिसचे, म्हणजे राहिला रविवार. सकाळी दुकानापुढे उभं राहायचं, मग खोबरं भाजा, कांदा भाजा, वाटण करा, रस्सा उकळा आणि दीड वाजता जेवून आडवे व्हा. याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. रविवारचा रस्सा राहिलाच पाहिजे. त्यावर कुणी गदा आणली तर मोर्च्यात पहिला मी असेन.

आजचा विषय मात्र बुधवार आहे.

बुधवारी संध्याकाळी आमच्यासारख्या घरात काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. नवराबायको दोघंही नोकरी करणारे. एकजण हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून साडेसातला घरी पोचतो, दुसऱ्याचा नऊ वाजता अमेरिकेबरोबर कॉल असतो. मग 'आज जेवायला काय?' हा प्रश्न येतो. उत्तरं ठरलेली आहेत. एक, मावशी सकाळी करून गेल्या ती भाजी-पोळी गरम करायची. दोन, अंडाभुर्जी. तीन, मोबाईल काढायचा आणि पंचेचाळीस मिनिटांनी येणाऱ्या, प्लॅस्टिकच्या डब्यात घाम फुटलेल्या बिर्याणीची वाट बघायची. चिकन घरी करू या, असं कुणीच म्हणत नाही. का? तर वेळ नाही.

माझं म्हणणं असं की हे कारण खरं नाही. वेळ असतो. साडेसात ते नऊ म्हणजे तब्बल दीड तास. आपल्याकडे नसतं ते लक्ष. गॅसवर चिकन करायचं तर तास-पाऊण तास ओट्यापाशी उभं राहावं लागतं. कांदा परता, तेल सुटलं का बघा, खाली लागतंय का बघा, ढवळा, पाणी घाला, आच कमी करा, परत ढवळा. सॉफ्टवेअरच्या भाषेत याला पोलिंग म्हणतात. दर दोन मिनिटांनी जाऊन विचारायचं, 'झालं का रे?' आणि तोपर्यंत दुसरं काही करायचं नाही. दिवसभर डोकं पिकलेल्या माणसाला हे नको असतं. त्याला हवा असतो इंटरप्ट: काम झालं की तूच मला हाक मार, तोवर मी माझं काहीतरी करतो.

ओव्हन नेमकं हेच करतो. टायमरची घंटा वाजते तेव्हा जायचं. मधल्या वेळात अंघोळ करा, मुलाचा अभ्यास घ्या, आईला फोन करा, नाहीतर नुसते सोफ्यावर पडा.

गंमत अशी की शहरातल्या बऱ्याच फ्लॅट्समध्ये ओव्हन असतो. ओटीजी म्हणा, नाहीतर कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह. कुणीतरी लग्नात दिलेला असतो किंवा लॉकडाऊनमध्ये केक करायच्या उत्साहात घेतलेला असतो. आता त्याच्या पोटात तवे ठेवलेले असतात. पापड भाजणे आणि पिझ्झा गरम करणे यापलीकडे त्याला काम नाही. 'भट्टीतला स्वयंपाक आपला नव्हे' असं आपण कुठेतरी धरून चाललोय.

खरंच आपला नव्हे? थंडीत अलिबागकडे, रायगड जिल्ह्यात, ज्यांनी पोपटी खाल्ली असेल त्यांनी आठवून बघा. मातीच्या मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि मसाला चोळलेलं चिकन. वरून परत पाला कोंबायचा, मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही, ढवळणं नाही. मडकं एकदा लावलं की कुणी आत चमचा घालत नाही, मंडळी शेकोटीशी गप्पा मारत बसतात. हा ओव्हनच झाला की! उष्णता चहूबाजूंनी, भांड्याचं तोंड बंद आणि स्वयंपाकी मोकळा.

तिकडे युरोपातही हीच युक्ती. फ्रान्सच्या अल्सास भागात 'बेकऑफ' नावाचा मांस-बटाट्याचा एक पदार्थ आहे. नावाचा अर्थच मुळी बेकरची भट्टी. परंपरा अशी सांगतात की धुण्याच्या दिवशी बायका सगळं भांड्यात भरून, झाकण कणकेने बंद करून बेकरकडे ठेवून जायच्या. पाव भाजून झाल्यावर भट्टीत उरलेल्या धगीवर ते शिजायचं. ज्यू लोकांत शनिवारी, म्हणजे शब्बाथला, चूल पेटवायची नसते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच भांडं बेकरच्या भट्टीत ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी गरम गरम घरी आणायचं अशी रीत होती. तिन्हीकडे पदार्थ वेगळे, पण गरज एकच: आज आपल्याला चुलीपाशी उभं राहता येणार नाही किंवा राहायचं नाही. आमच्या बुधवारची गरज याहून काय निराळी आहे?

नमनाला घडाभर तेल झालं. आता कृती सांगतो. आम्हा दोघांना पुरून दुसऱ्या दिवशीच्या डब्याला उरेल इतकं प्रमाण आहे.

पाऊण किलो चिकन, हाडासकट. शक्यतो तंगड्या घ्या, बोनलेस नको. छातीचं मांस जास्त वेळ शिजलं की कोरडं पडतं. तंगडीच्या मांसात जे चिवट असतं ते सावकाश शिजून मऊ होतं आणि रस्स्याला दाटपणा देतं. दोन कांदे मोठे चिरून, तीन बटाटे आणि दोन गाजरं इंचभराचे तुकडे करून, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, आल्याचा तुकडा ठेचून. दोन टोमॅटो चिरून बाजूला ठेवा. दोन तमालपत्रं, दालचिनीचा तुकडा, चमचाभर भरडलेली मिरी, मीठ, दोन चमचे तेल.

टोमॅटो सोडून बाकी सगळं भांड्यात घालून हाताने कालवा. ओव्हन आधी दहा मिनिटं २०० डिग्रीवर तापवून घ्या आणि भांडं झाकण न लावता वीस मिनिटं आत ठेवा. पाणी घालायचं नाही. इथेच चव तयार होते. पाणी असेल तिथलं तापमान साधारण १०० डिग्रीच्या वर जात नाही, आणि तेवढ्यावर काहीच खरपूस होत नाही. म्हणून आधी कोरडं भाजायचं. कांद्याच्या कडा तांबूस झाल्या पाहिजेत.

मग भांडं बाहेर काढून टोमॅटो आणि एक-दीड कप गरम पाणी घाला. पाणी गरमच हवं. तापलेल्या काचेच्या भांड्यात गार पाणी ओतलं तर ते तडकू शकतं. टोमॅटो आता घालायचे कारण आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही. त्याला वीस मिनिटांची आघाडी मिळाली की काम सोपं होतं. झाकण लावा, ओव्हन १८० वर आणा आणि चाळीस मिनिटं विसरून जा. घंटा वाजली की हाडाजवळ सुरी खुपसून बघा. मांस सुटून आलं आणि रस लाल न दिसता स्वच्छ दिसला की झालं. थर्मामीटर असेल तर सगळ्यात जाड जागी ७४ डिग्री हा सुरक्षित आकडा. तंगडी त्याच्या बरीच वर जाते आणि तिला ते मानवतंच.

हाताचं काम वीस मिनिटं, भट्टीचं काम एक तास. वरून कोथिंबीर, लिंबू. हे रूप साधं, मिरीचं. चमचाभर कांदा-लसूण मसाला घातलात तर आपला रस्सा होतो, शेवटी वाटीभर नारळाचं दूध घातलंत तर केरळच्या इष्टूकडे झुकतो.

भांड्याबद्दल दोन शब्द. खास काही विकत घ्यायला नको. कुकरमधला स्टीलचा डबा आणि त्यावर बसणारं स्टीलचं झाकण ओटीजीत मजेत चालतं. फक्त कुठेही प्लॅस्टिकची मूठ नको. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह असेल तर मायक्रोवेव्ह मोडवर स्टील अजिबात नाही. कन्व्हेक्शनवर धातू चालतो का ते त्याच्या पुस्तकात बघा. आणि सकाळी चिकनला मीठ-आलं-लसूण लावून ठेवणार असाल तर ते फ्रिजमध्ये. दिवसभर ओट्यावर नको.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. चिकन सोपं होतं हे तर झालंच, पण मला यात आवडणारी गोष्ट दुसरी आहे. या कृतीत २०० आहे, वीस मिनिटं आहेत, १८० आहे, चाळीस मिनिटं आहेत. 'अंदाजाने' हा शब्द जवळजवळ नाही.

आपला गॅसवरचा स्वयंपाक अंदाजावर चालतो. 'कांदा गुलाबी झाला की', 'तेल सुटलं की', 'खमंग वास आला की'. ते सुंदर आहे, त्यात वर्षानुवर्षांचं शहाणपण आहे, मान्य. पण ते शहाणपण एकाच माणसाच्या हातात राहतं आणि ते काम त्या माणसाला चिकटतं. ऑफिसात असा एखादा मोड्यूल असतो, जो फक्त एकालाच कळतो. डॉक्युमेंटेशन शून्य. तो माणूस रजेवर गेला की सगळं ठप्प. आपण त्या माणसाचं फार कौतुक करतो आणि त्याला कधीच रजा देत नाही. घरात त्या माणसाला 'हाताला चव आहे हो!' म्हणतात.

आणि हा माणूस बहुतेक घरात कोण असतो हे सांगायला नको. तरी आकडे देतो. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम दिवसभरात करणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१, पुरुष शंभरात २६. ज्यांनी ते केलं त्यांची दिवसाची सरासरी: स्त्रिया २९९ मिनिटं, पुरुष ९७ मिनिटं. पाच तासांना एकच मिनिट कमी! २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे स्त्रियांची दहा मिनिटं वाचली, आणि पुरुषांचीही नऊ वाचली. वा!

'मला येत नाही' हे आम्हा पुरुषांचं सगळ्यात टिकाऊ कारण आहे. गॅसपुढे ते थोडंफार खपतं, कारण अंदाज यायला खरंच वेळ लागतो. ओव्हनपुढे ते खपत नाही. ज्याला कॉन्फिग फाईल वाचता येते त्याला दोन तापमानं आणि दोन वेळा पाळता येतात. आमच्याकडे ही कृती फ्रिजवर चिकटवलेली आहे आणि बुधवारी जो आधी घरी येतो तो सुरू करतो. त्यावर चर्चा होत नाही.

पण इथे एक धोका आहे. नवीन यंत्र आलं की काम कमी होतं, ही आम्हा इंजिनिअर लोकांची आवडती समजूत. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. अमेरिकेत पूर्वी उघड्या चुलाण्यावर एका भांड्यात स्ट्यू व्हायचा. लाकडं फोडणं हे पुरुषांचं काम. मग लोखंडी स्टोव्ह आला. त्याला लाकूड कमी लागायचं, म्हणून पुरुषांचं काम घटलं. पण त्यावर एकाच वेळी तीन-चार गोष्टी शिजवता यायला लागल्या, म्हणून एका भांड्याचं जेवण मागे पडलं आणि बाईचं काम होतं तिथेच राहिलं, उलट वाढलं. यंत्राने वाचवलेला वेळ अपेक्षांनी खाल्ला.

आपल्याकडे या अपेक्षेचं नाव पोळी. मागे आई आमच्याकडे राहायला आली होती. बुधवारी मी भांडं ओव्हनमध्ये टाकून बाहेर येऊन बसलो. तिने पाच मिनिटं कळ काढली आणि मग विचारलं, "अरे, पोळ्या कोण करणार आहे?"

"आई, आज पाव आहे."

"पाव म्हणजे काय जेवण झालं का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्ट्यू ओव्हनमध्ये आणि त्याच वेळी बायको गॅसपुढे कणीक मळून आठ पोळ्या लाटतेय, शेजारी भाताचा कुकर, शिवाय कोशिंबीर हवीच, अशी व्यवस्था असेल तर ओव्हनने काय वाचवलं? काही नाही. नवऱ्याला 'मी चिकन केलं' असं म्हणण्याची सोय तेवढी झाली. म्हणून माझ्या मते या पदार्थातला सगळ्यात महत्त्वाचा घटक चिकन नव्हे आणि ओव्हनही नव्हे. घरातल्या सगळ्यांनी मिळून हे मान्य करणं महत्त्वाचं की आज जेवण म्हणजे हे एक भांडं. त्यात मांस आहे, बटाटा आहे, भाजी आहे, रस्सा आहे. सोबत कोपऱ्यावरच्या बेकरीतला पाव. ओव्हन बंद केल्यावर उरलेल्या धगीत तो तीन-चार मिनिटं ठेवला की छान कुरकुरीत होतो. पोळी उद्या आहेच. ती कुठे पळून जात नाही.

(आईने त्या दिवशी दोन पाव खाल्ले. पोळ्यांबद्दलचं मत बदललं नाही. मीही आग्रह धरला नाही.)

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला, वीज. दीड किलोवॅटचा ओटीजी सव्वा ते दीड तास सलग चालला तरी सव्वादोन युनिटच्या आत. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतो, म्हणून त्याहून कमी. युनिटला दहा रुपये धरले तर वीस-बावीस रुपये. गॅसपेक्षा महाग, पण मागवलेल्या जेवणाच्या डिलिव्हरी आणि पॅकिंगच्या पैशांपुढे काहीच नाही. फक्त तो सहा अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावू नका. दीड किलोवॅट म्हणजे साडेसहा अँपिअर होतात. गीझर-फ्रिजचा मोठा पॉइंट वापरा.

दुसरा, कुकर. 'कुकरला पंधरा मिनिटांत होतं की!' होतं. घड्याळ लावून बघितलं तर कुकर जिंकतो आणि घाई असेल तेव्हा मीही तोच लावतो. पण कुकरमध्ये आत १२० डिग्रीच्या आसपास तापमान असतं. चिकन मऊ होईपर्यंत गाजर-बटाट्याचा लगदा होतो. खरपूस काही होत नाही, त्यासाठी आधी परतायला उभं राहावं लागतं. शिवाय शिट्ट्या कुणीतरी मोजाव्या लागतात. 'तीन झाल्या की चार?' यावरून आमच्याकडे वाद झालेले आहेत.

तिसरा, चव. रविवारच्या रस्स्याची सर याला नाही. बरोबर आहे. पण त्याने रविवारशी स्पर्धा करूच नये. याची स्पर्धा आहे ती त्या घाम फुटलेल्या बिर्याणीशी, आणि ती तो आरामात जिंकतो.

चौथ्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. भांडं शेवटी घासावंच लागतं. भट्टीतून आलेल्या भांड्याच्या कडेला जे चिकटतं ते रात्रभर भिजत घातल्याशिवाय निघत नाही. पण भांडं एकच असतं, आणि ते कुणी घासायचं हेही फ्रिजवरच्या त्याच कागदावर लिहून ठेवता येतं.

असो. बराच लांबलो. तुमच्या ओव्हनमधले तवे या बुधवारी बाहेर काढून बघा. घरी आठवड्याचे वार पाळत असाल किंवा चिकन खातच नसाल, तर छोले, फ्लॉवर नाहीतर सुरण घालूनही जमतं. छोले आदल्या रात्री भिजवून, शिजवून घ्या, एवढंच. आणि पहिल्याच दिवशी पोळ्यांचं ठरवून टाका.